बैठकीवरचा पसारा

मंडळी, घरी पाहुणे येणार असे कळले म्हणजे आपण पहिली गोष्ट कोणती करतो? पसारा आवरतो. ओसरीवरची वर्तमानपत्रे उचलतो, खुंटीवरचा मळका सदरा आत नेतो, मेजावरची औषधाची बाटली फडताळात ढकलतो. पाहुणा येतो, आवरलेले घर पाहतो, चहा घेतो आणि जातो. आपण कसे राहतो हे त्याला कळत नाही, आणि ते कळू नये हाच तर आपला बेत असतो!

इतिहास लिहिणाऱ्याची पंचाईत नेमकी इथेच होते. राजे-महाराजांनी, मुत्सद्द्यांनी, पुढाऱ्यांनी त्याच्यासाठी घर आवरूनच ठेवलेले असते. बखर म्हणजे आवरलेली ओसरी, आणि आत्मचरित्र म्हणजे तर चुना देऊन, तोरण बांधून सजवलेली ओसरी. कोणी खोटेच लिहितो असे मी म्हणत नाही. पण लिहायला बसलेला माणूस चार वस्तू पुढे मांडतो आणि चार पडद्याआड सारतो. म्हणून आम्हा इतिहासाच्या लोकांना पडद्यामागे डोकावण्याची खोड लागते. माणूस जिथे बसून काम करीत होता, त्या जागी काय काय पडले होते, ते आम्ही शोधत राहतो. आज तुमच्याशी बोलायचे आहे ते या बैठकीवरच्या पसाऱ्याविषयी.

आपल्याकडे मेज-खुर्ची ही अलीकडची. पूर्वी लिहिणारा माणूस गादीवर बसे, एक गुडघा उभा करी आणि त्यावर कागद धरून लिही. शेजारी कलमदान. त्यात बोरू, बोरू तासायचा चाकू, काजळ आणि डिंक घोटून केलेल्या शाईची दौत. ओली शाई टिपायला आजच्यासारखा टीपकागद नव्हता, तेव्हा लिहिलेल्या ओळींवर बारीक वाळू टाकीत आणि कागद झटकीत. तुमच्यापैकी कोणी जुने मोडी पत्र हाताळले असेल तर अनुभव आला असेल, अक्षरावरून बोट फिरवले की दोनशे वर्षांपूर्वीचा एखादा कण अजून बोटाला लागतो. लिहून झालेले कागद मांजरपाटाच्या चौकोनी फडक्यात बांधायचे, याला रुमाल म्हणत. असे पुष्कळ रुमाल मिळून दप्तर. आज पोर शाळेत नेते ते दप्तर मूळचे हे. एवढा शब्द शिक्षकांनी वर्गात उलगडून सांगितला तरी पोरांचे डोळे चमकतात, हा माझा अनुभव आहे.

महाराष्ट्रातले सर्वांत मोठे दप्तर पुण्यात आहे, पेशवे दप्तर. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि राज्याबरोबर राज्याचे कागदही इंग्रजांच्या हाती गेले. इंग्रजांना त्यात रस होता तो इनामे आणि जमिनी यांच्यापुरता. कोणाला किती सूट आहे, कोणाचा हक्क खरा, कोणाचा बनावट, हे पाहायचे होते. पुढे १८९१ मध्ये या कागदांसाठी दगडी इमारत उभी राहिली, आणि आजही हजारो रुमाल तिथे रांगेने ठेवलेले आहेत. त्यात लढायांची पत्रे आहेत, तहनामे आहेत. पण खरी मौज रोजकीर्दींत आहे. रोजकीर्द म्हणजे सरकारी जमाखर्चाची रोजची वही. आज अमक्याला पागोटे दिले, तमक्या देवस्थानाला तेलवातीचा खर्च मंजूर केला, अमक्या गावी दंड घेतला. लिहिणाऱ्या कारकुनाच्या स्वप्नातही नव्हते की आपण इतिहास लिहितो आहोत. तो फक्त हिशेब चुकू नये म्हणून लिहीत होता.

या वह्यांचे मोल पहिल्यांदा ज्यांनी नीट ओळखले त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे होते. गणेश चिमणाजी वाड यांनी रोजनिशींतून उतारे निवडले होते, आणि रानड्यांनी १९०० साली त्यांच्यावर एक निबंध वाचला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आपल्या बखरकारांनी आणि ग्रँट डफनेही लढाया आणि कारस्थाने सांगितली, पण लोक कसे जगत होते, न्याय कसा होई, कर कसा बसे, जातिपंचायतीत काय चाले, ते या वह्यांतच सापडते. लक्षात घ्या, डफचे पुस्तक १८२६ चे. तो साताऱ्यास रेसिडेंट होता आणि कागद त्याच्या हाताशी होते. पण त्याने लढायाच शोधल्या, आणि त्याला लढायाच सापडल्या. पसाऱ्याकडे पाहणाराही आपल्याला हवे तेवढेच पाहतो, हे इथे विसरता येत नाही.

नाना फडणीसांचेच पाहा ना. वाईजवळ मेणवलीला कृष्णेकाठी त्यांचा वाडा आहे, सहल घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी तो पाहिलाच असेल. नानांनी स्वतःविषयी एक लहानसे टिपण लिहिले आहे. त्यात पानिपतातून ते कसे सुटून आले ते सांगितले आहे. तेव्हा, म्हणजे १७६१ मध्ये, त्यांचे वय अठरा-एकोणीस वर्षांचे होते. टिपण मोठे प्रांजळ आहे, आपले दोषही त्यांनी त्यात झाकलेले नाहीत. पण पुढची चाळीस वर्षे राज्याचा हिशेब ज्याच्या हातून गेला, तो माणूस त्या दोन-चार पानांत कसा मावणार? तो मावला त्याच्या मेणवलीच्या दप्तरात. दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी त्या दप्तरातले कागद मिळवले, ते त्यांच्या साताऱ्याच्या इतिहाससंग्रहात आले, आणि पुढे तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला.

आणि राजवाडे! इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी तर आयुष्यच दुसऱ्यांच्या माळ्यांवर आणि तळघरांत घालवले. पत्नी तरुणपणीच वारली, पुन्हा लग्न केले नाही. गावोगाव हिंडायचे, हाताने रांधून खायचे, आणि कोणाच्या घरी जुने कागद आहेत असे कळले की दार ठोठवायचे. कुठे कागद वाळवीने खाल्लेले, कुठे वाण्याच्या पुड्यांना गेलेले. कुठे कागद आहेत पण मालक दाखवीत नाही, कारण एखादा जुना वाद उकरून निघेल ही भीती! त्यातूनही १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला आणि अखेरपर्यंत बावीस खंड झाले. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले तेही त्यांच्याच खटपटीने. १९२६ च्या ३१ डिसेंबरला ते धुळ्यात वारले.

आता माझीच एक गोष्ट सांगतो. सांगताना लाज वाटते, पण सांगितली नाही तर वरच्या बोलण्याला अर्थ नाही.

आमचे पणजोबा गावचे कुलकर्णी. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली, पण वतनाबरोबर दप्तर गेले नाही. ते माळ्यावर एका लाकडी पेटीत पडून होते. मी एम. ए. ला होतो, नुकतीच मोडी शिकलो होतो, आणि नवा मुसलमान पाच वेळा बांग देतो तसा माझा उत्साह. दिवाळीच्या सुटीत पेटी खाली काढली. आत तीन रुमाल, एक कलमदान, एका काडीच्या जागी दोरा बांधलेला चष्मा, कसल्याशा बियांची पुरचुंडी, फाटकी पंचांगे, औषधांच्या काढ्यांची टिपणे, वाण्याच्या याद्या आणि बरीचशी धूळ. मी मोठ्या शहाणपणाने दोन ढीग केले. शिक्क्याचे, सहीचे, जमिनीचे कागद एका बाजूला. बाकी सगळा केर. तो केर काकूंनी दुसऱ्या दिवशी पहाटे बंबात घातला, आणि त्या ऊन पाण्याने मी अभ्यंगस्नान केले!

सुटी संपल्यावर मी ते निवडक कागद माझ्या प्राध्यापकांपुढे मांडले. त्यांत एक यादी होती. एकोणीस नावे, त्यांतली तीन एकाच घरची, प्रत्येक नावापुढे आडवी रेघ. वर मथळा नाही, खाली मिती नाही. सरांनी ती उलटसुलट पाहिली आणि विचारले, “ही कशाशेजारी होती?”

मला आठवले. ती एका पंचांगाच्या घडीत होती. तेच पंचांग बंबात गेले होते.

सर रागावले नाहीत. ते म्हणाले, “पंचांगावर शक असतो रे. समजा, ते शके १८४० चे असते. म्हणजे इसवी सन १९१८. त्या साली इन्फ्ल्यूएंझाची साथ आली, गावेच्या गावे आजारी पडली. मग ही कदाचित मेलेल्यांची यादी. पण त्याच साली आपल्या भागात पाऊसही बुडाला होता. मग ही कदाचित तगाई मिळालेल्यांची यादी. पंचांग दुसऱ्या सालाचे असते, तर आणखी तिसरेच काही. आता कसे सांगणार?”

एकोणीस माणसे मेली की एकोणीस माणसांना मदत मिळाली, एवढा मोठा फरक. आणि तो कळण्याचे साधन मी स्वतःच्या हाताने केरात लोटले होते. त्या घरांची नातवंडे-पणतवंडे आजही गावात आहेत. एक-दोघांनी मला विचारलेही, “आमच्या आज्याचं नाव आहे म्हणे तुमच्या कागदात, कशासाठी आहे?” मला उत्तर देता आले नाही. अजूनही येत नाही.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना वस्तूपेक्षा वस्तूचा शेजार पाहायला शिकवतो. कोणता कागद कोणत्या कागदाला लागून होता, कशात गुंडाळला होता, पेटीत तळाशी होता की वर. रोज लागणारी वस्तू वर असते आणि लपवायची वस्तू तळाशी, हे तर कोणत्याही घरातल्या म्हातारीला ठाऊक असते. रुमाल सोडलाच तर आधी क्रम टिपून घ्यावा, आणि पुन्हा तसाच्या तसा बांधावा. नीटनेटके करण्याची हौस असेल तर ती स्वतःच्या मेजावर फेडून घ्यावी.

जवळच्या काळातली दोन माणसे घेऊ. दोघांच्याही कामाच्या जागा आज पुष्कळ लोक पाहायला जातात.

गांधीजी १९३६ मध्ये वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहायला आले आणि १९४६ च्या ऑगस्टपर्यंत ते त्यांचे घर होते. बापूकुटी तुमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. मातीच्या भिंती, चटई, बसून लिहायची जागा, ती प्रसिद्ध तीन माकडे. पाहणारा म्हणतो, वा, केवढी साधी राहणी! खरे आहे. पण त्याच आश्रमात एक टेलिफोनही आहे, व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी गांधीजींशी बोलता यावे म्हणून बसवून घेतलेला. मातीची भिंत आणि टेलिफोन ही दोन्ही एकत्र पाहिली म्हणजे सेवाग्राम काय होते ते उमगते. नुसती कुटी पाहाल तर ऋषीचा आश्रम वाटेल, नुसता टेलिफोन पाहाल तर पुढाऱ्याची कचेरी.

त्यांच्या पेन्सिलीची हकीकत काका कालेलकरांनी लिहून ठेवली आहे. काका मूळचे आपल्या साताऱ्याचे. १९१५ साली मुंबईला काँग्रेसचे अधिवेशन होते. गांधीजी काहीतरी शोधत होते, बेचैन झाले होते. विचारले तर म्हणाले, एक लहानशी पेन्सिल हरवली आहे. काकांनी आपली देऊ केली. छे, तीच हवी! शेवटी सापडली, दोन इंचांहूनही तोकडी. मद्रासला नटेसन यांच्या लहान मुलाने ती प्रेमाने दिली होती, म्हणून ती हरवून चालणार नव्हती. आता, पेन्सिलीचा तो तुकडा एखाद्या संग्रहालयात काचेखाली ठेवला आणि कालेलकरांचे टिपण हरवले, तर आपण काय म्हणू? म्हणू की माणूस भारी काटकसरी. काटकसर होतीच. १९४७ च्या २ जूनला, फाळणीचा निर्णय पुढ्यात असताना, मौनवाराचा दिवस म्हणून त्यांनी माउंटबॅटनना उत्तरे दिली तीही वापरलेल्या पाकिटांच्या पाठीवर लिहून. पण पेन्सिलीची गोष्ट काटकसरीची नव्हे, एका पोराच्या मायेची आहे. वस्तू मुकी असते, तिच्या बाजूने बोलणारा कोणी तरी लागतो.

दुसरे बाबासाहेब आंबेडकर. त्यांची बैठक म्हणजे ग्रंथांची. १९३० नंतर लवकरच त्यांनी दादरला राजगृह बांधले ते पुस्तके डोळ्यांपुढे ठेवूनच. लोक घर बांधतात आणि पुस्तकांना एक कपाट देतात, यांनी पुस्तकांना घर दिले आणि आपण त्यात राहिले. ज्या समाजातल्या मुलाला शाळेत वेगळे बसवले गेले, त्या मुलाने पुढे असे घर बांधावे, यात शोभेचा भाग किती आणि जिद्दीचा किती, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण मला अधिक बोलके वाटते ते त्यांचे शेवटच्या रात्रीचे मेज. ५ डिसेंबर १९५६, दिल्ली, अलीपूर रोडवरचा बंगला. शरीर थकलेले, दृष्टी मंदावलेली. त्यांचे सचिव नानकचंद रत्तू यांच्याकडून त्यांनी दोन गोष्टी मेजावर मागून घेतल्या. एक, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे कागद. दुसरी, आचार्य अत्रे आणि एस. एम. जोशी यांना लिहिलेली पत्रे. ती होती नव्या रिपब्लिकन पक्षासंबंधी. सकाळी ते उठले नाहीत. ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला, पण ती प्रस्तावना त्या आवृत्तीत आली नाही.

चरित्रकार बहुधा प्रकरणे पाडतात. धर्मांतर एका प्रकरणात, राजकारण दुसऱ्यात. त्या मेजावर मात्र दोन्ही कागद शेजारी शेजारी होते. धर्म घेतला म्हणून राजकारण सोडले नाही, राजकारणासाठी धर्म घेतला असेही नाही. बाबासाहेबांविषयी कोणी एकाच बाजूचे बोलू लागले की मला ते मेज आठवते.

थोडे सावधपणाचेही बोलले पाहिजे, नाही तर तुम्ही उद्या शेजाऱ्याच्या मेजावरून त्याची कुंडली मांडायला लागाल! स्वच्छ मेज हे व्यवस्थित माणसाचे लक्षण असेलच असे नाही, ते शिपायाचे असेल, किंवा काम नसल्याचे असेल. भरलेले कपाट वाचलेल्या पुस्तकांचेच असते असे नाही. आमच्या कॉलेजात काचेच्या मेजाखाली फोटो ठेवण्याची जुनी चाल आहे. देव, पुढारी, एस. टी. चे वेळापत्रक. त्यातले कोण भक्तीने आले आणि कोण बदलीच्या भीतीने, ते त्या काचेला कसे कळावे? आणि आता तर निम्मा पसारा मोबाइलमध्ये गेला. तो बिघडला की पंचांगही गेले आणि यादीही गेली, बंबसुद्धा पेटवायला नको.

पण आतापर्यंत मी ज्यांची नावे घेतली ते सगळे लिहिणारे. गावात लिहिणारे किती होते? कुलकर्ण्याच्या दप्तरात पाटील येतो, शेतसारा येतो, तंटे येतात. ज्याने दप्तरात कधी बोट घातले नाही त्याची बैठक कुठे पाहायची? सुताराच्या वाकसाची मूठ पाहा. वर्षानुवर्षांच्या पकडीने ती एका बाजूला झिजलेली असते, आणि तो डावखुरा होता की उजवा, ते ती सांगते. जात्याची खुंटी पाहा. आणि शिक्षकहो, मुलांना घरी जाऊन अशी एकच जुनी वस्तू पाहायला सांगा. ती उचलून आणायला सांगू नका. कुठे आहे, कशाशेजारी आहे, कोण वापरी, शेवटची केव्हा वापरली, एवढे वहीत लिहून आणू द्या. आजी जिवंत असेल तर आजीच्या शब्दांत. पोरांनी काढलेल्या अशा वह्या मी पाहिल्या आहेत. त्यांत शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ, पण माझ्या एम. ए. च्या उद्योगापेक्षा त्या शंभर पटीने चांगल्या.

माझी आजी निरक्षर. तिची बैठक म्हणजे स्वयंपाकघरात चुलीच्या उजव्या हाताची जागा, आणि तिची वही म्हणजे तिथली भिंत. गवळणीने दूध घातले की कोळशाने एक उभी रेघ. पाच झाल्या की आडवी. महिना संपला, पैसे दिले की खाली एक लांब रेघ ओढायची. दर दिवाळीला भिंत सारवली जाई आणि हिशेब नव्याने सुरू होई, पण तिच्या शेवटच्या वर्षी घरात सुतक होते, तेव्हा ती भिंत तशीच राहिली. पुढे त्या भिंतीसमोर धान्याची कणगी आली आणि रेघा आड झाल्या.

गेल्या उन्हाळ्यात घर दुरुस्तीला काढले. गवंडी म्हणाला, उद्या प्लॅस्टर. कणगी हलवली तर रेघा दिसल्या. या वेळी मी घाई केली नाही. मोठा कागद लावून रेघ न् रेघ उतरवून घेतली, कोणती कुठे, मध्ये जागा किती, सगळे. फोटोही काढले. सहा महिन्यांचा हिशेब निघाला. पहिले चार महिने रोज एकेक रेघ. पाचव्या महिन्यात अकरा दिवस एकही नाही, आणि त्यानंतर रोज दोन दोन.

मी तो कागद वडिलांपुढे धरला. ते आता पंच्याहत्तरीचे. त्यांनी चष्मा लावला, बोटाने ते अकरा दिवस मोजले, पुढच्या जोडरेघांवर बोट ठेवले आणि म्हणाले, “दादा गेले ना तेव्हा. सुतकात गवळण यायची नाही. आणि मग तुझी आत्या कायमची माहेरी आली, लेकरं घेऊन. दूध वाढवावंच लागलं आईला.”

आत्या परत आली ते कोणत्या साली, यावर आमच्या घरात आजवर दोन मते होती.